रोमन रस्ते आणि त्यांवरचा व्यापार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमन रस्त्यांवर कुठेही बोललं की पुढचे आठ दिवस प्रश्न येत राहतात. निम्मे तरी तेच ते असतात, म्हणून ते एकदाच लिहून काढले. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोमन रस्ता म्हणजे नेमकं काय? वाटा तर सगळीकडेच होत्या ना?

वाटा होत्याच. रोमन लोकांनी त्यातल्या काही सरकारजमा केल्या. रस्त्याखालची जमीन सार्वजनिक, देखभालीला नेमलेले अधिकारी, दर मैलाला कोरलेला दगड आणि बांधणाऱ्याचं नाव, एवढं असलं की तो 'विया पुब्लिका', म्हणजे सरकारी रस्ता. पहिला मोठा रस्ता विया आप्पिया. इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पिउस क्लाउदिउस या अधिकाऱ्याने तो रोमपासून कापुआपर्यंत नेला, पुढे तो वाढत वाढत इटलीच्या टाचेवरच्या ब्रुंदिसिउम (आजचं ब्रिंदिसी) बंदराला भिडला. रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावलं, आजच्या हिशेबात सुमारे १.४८ किमी. खाली मैल आले की ते हेच.

२. एकूण लांबी किती होती? कुठे ८० हजार किमी लिहितात, कुठे तीन लाख.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ८० हजारांच्या आसपासचा आकडा मुख्य सरकारी रस्त्यांचा. २०२५ मध्ये संशोधकांनी साम्राज्यभरच्या रस्त्यांचा डिजिटल नकाशा प्रसिद्ध केला. त्यात आडरस्तेही धरले आणि बेरीज तीन लाख किमीच्या जवळ गेली. पण त्याच नकाशात रस्ता नेमका कुठून जात होता हे खात्रीने सांगता येतं ते जेमतेम तीन टक्क्यांबद्दल. बाकीचा बराचसा रस्ता दोन ठाऊक ठिकाणांच्या मधे अंदाजाने ओढलेला आहे.

३. पाठ्यपुस्तकात चार थरांचं चित्र असतं. सगळे रस्ते तसेच होते का?

नाही. ते चित्र मला भेटणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं: तळाला धोंडे, मग खडी, मग चुनामिश्रित थर, वर फरशी. प्रत्येक थराला लॅटिन नावही असतं. ती नावं वित्रुविउस या रोमन वास्तुतज्ज्ञाच्या ग्रंथातली, आणि तिथे तो घरातली जमीन कशी करावी ते सांगतो आहे. १६२२ मध्ये निकोला बेर्जिए या फ्रेंच लेखकाने ती रस्त्यांना चिकटवली. तेव्हापासून ती तिथेच आहेत.

खोदकामात दिसतं ते असं, की जिथे जे मिळेल ते वापरलं. रोमच्या आसपास ज्वालामुखीचा काळा दगड होता म्हणून विया आप्पियावर मोठमोठ्या फरश्या आल्या. प्रांतांमध्ये बहुतेक रस्ते खडी-मुरमाचे, मधे फुगीर आणि कडेला चर. दलदलीत लाकडाचे ओंडके आडवे टाकलेले. वाळवंटात तर काहीच नाही (प्रश्न १३ पाहा). त्यावेळचं प्रत्यक्ष वर्णन हवं असेल तर कवी स्तातिउसने इ.स. ९५ मध्ये झालेल्या विया दोमितियानाचं केलं आहे: आधी दोन्ही बाजूंना चर खणायचे, मधली माती उपसायची, भर घालायची आणि कडेच्या दगडांनी रस्ता दोन्हीकडून आवळून धरायचा. रस्ता टिकतो तो कडेमुळे, हे आपल्याकडचा कुठलाही मुकादम सांगेल.

४. रस्ते खरंच रेषेसारखे सरळ होते का?

सपाटीवर, हो. डोंगरात मुकाट्याने वळायचे. बारा पाट्यांच्या जुन्या कायद्यात रस्त्याची रुंदी सरळ भागात ८ फूट आणि वळणावर १६ फूट सांगितली आहे. वळणंच नसती तर हे कलम कशाला लागलं असतं?

पण कधीकधी डोंगरालाच वाकायला लावलं. तेर्राचिना या गावी विया आप्पिया समुद्राकडेच्या कड्यावर चढून पलीकडे उतरत असे. त्राजान सम्राटाच्या काळात कड्याचा पायाच उभा तासून रस्ता समुद्रकाठाने काढला. किती तासलं ते कामगारांनी कड्यावर वरून खाली दर दहा फुटांवर आकडा कोरून नोंदवलं. सगळ्यात खालचा आकडा १२०. तो आजही वाचता येतो. मोजमाप-वहीचं असं पान मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

५. पैसा कोण देत असे?

कागदोपत्री सरकार, प्रत्यक्षात सगळेच थोडेथोडे. सम्राट, सैन्य, नगरपालिका आणि रस्त्याकडेचे जमीनदार. याचा एक पक्का हिशेब दगडावर टिकला आहे. इ.स. १२३ मध्ये हाद्रियान सम्राटाने दक्षिण इटलीतल्या बेनेव्हेंतुमच्या पुढचा विया आप्पियाचा पावणेसोळा मैलांचा पट्टा नव्याने करून घेतला. जमीनदारांनी ५,६९,१०० सेस्तेर्तिउस (रोमन नाणं) दिले, सम्राटाने ११,४७,००० घातले. भागाकार केला तर मैलाला सुमारे १ लाख ९ हजार पडतात. त्या काळी साध्या शिपायाचा वर्षाचा पगार १,२०० होता, म्हणजे एका मैलात नव्वद शिपायांचा वर्षभराचा पगार गेला. हा आकडा लक्षात ठेवा, प्रश्न १३ मध्ये पुन्हा लागेल.

६. रस्ते व्यापारासाठी बांधले की सैन्यासाठी?

सैन्यासाठी आणि कारभारासाठी. विया आप्पिया इटलीतल्याच सॅम्नाइट लोकांशी युद्ध चालू असताना झाली. इ.स.पू. २२० ची विया फ्लामिनिया उत्तरेकडच्या नव्या मुलखाकडे निघाली, आणि अरबस्तानातली विया नोव्हा त्रायाना प्रांत ताब्यात आल्यावर पाचसहा वर्षांतच सुरू झाली. व्यापारी मागून आले. रस्ता तयार आहे, वाटेत ठाणी आहेत, तर वापरायला काय जातंय. अपवाद नावातच दिसतो: विया सालारिया, 'मिठाची वाट'. तिथे आधी मीठ होतं, रस्ता नंतर झाला.

७. मग रोमचं धान्य या रस्त्यांवरून येत असे का?

नाही, आणि व्यापारावरचे निम्मे गैरसमज इथूनच निघतात. रोमला गहू येई तो इजिप्त आणि उत्तर आफ्रिकेतून, जहाजाने. कारण भाडं. दियोक्लेतियान सम्राटाने इ.स. ३०१ मध्ये कमाल दरांचं फर्मान काढलं, त्यात वाहतुकीचे दरही आहेत. १,२०० रोमन पौंड भरलेल्या गाडीला मैलाला २० दिनार. गव्हाचा भाव एका मोठ्या मापाला १०० दिनार. या हिशेबाने गाडीभर गहू दीडदोनशे मैल गेला की भाड्यातच गव्हाची किंमत दुप्पट होते. उलट तेच माप अलेक्झांड्रियाहून रोमला, अख्खा भूमध्य समुद्र ओलांडून, १६ दिनारात. तेवढ्या पैशात ते माप बैलगाडीने पन्नास मैलही जात नाही.

त्याच फर्मानात उंटाचा दर ६०० पौंडांना ८ दिनार आहे. म्हणजे दोन उंट गाडीएवढाच माल १६ दिनारात नेतात, गाडीहून चार दिनार स्वस्त, आणि उंटाला फरशी लागत नाही.

प्रवासीसुद्धा जमेल तिथे पाणी धरायचे. कवी होरातिउस इ.स.पू. ३७ च्या सुमारास विया आप्पियाने निघाला, पण दलदलीच्या टप्प्यात रस्ता सोडून शेजारच्या कालव्यातल्या, खेचराने ओढायच्या नावेत बसला. डास आणि बेडकांनी रात्रभर झोपू दिलं नाही, अशी त्याची तक्रार आहे.

८. मग रस्त्यांवरून जायचं तरी काय?

पाणी संपतं तिथून पाणी सुरू होतं तिथपर्यंतचा माल. हे एकदा समजलं की नकाशा वेगळा दिसायला लागतो. गॉलमध्ये (आजचा फ्रान्स) रोन नदीचा प्रवाह जोराचा, उलट जाणं कठीण, म्हणून काही माल गाड्यांत घालून ल्वार नदीपर्यंत नेत आणि तिथे पुन्हा नावेत भरत, असं स्त्राबो हा ग्रीक भूगोलकार लिहितो. त्या प्रवासात रस्ता म्हणजे दोन नद्यांमधला साकव.

शिवाय शेतावरून जवळच्या बाजाराला जाणारा भाजीपाला, छावण्यांचा शिधा, स्वतःच्या पायांनी चालणारी जनावरं, आणि वजनाला हलका पण किमतीला भारी असा माल. अंबर (दागिन्यांत वापरतात तो झाडाच्या राळेचा पिवळा खडा) हे त्याचं उत्तम उदाहरण. नीरो सम्राटाच्या काळात एक अधिकारी दान्यूबकाठच्या कार्नुन्तुमहून थेट बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन अंबर घेऊन आला. थोरला प्लिनी हा रोमन लेखक अंतर सुमारे ६०० मैल सांगतो, आणि आणलेला सर्वांत मोठा खडा १३ पौंडांचा. कार्नुन्तुमच्या उत्तरेला रोमन रस्ता नव्हताच. अंबराने वाट काढली ती रस्त्याविना.

९. निरोप किती वेगाने जायचा?

सरकारी डाक साधारणपणे दिवसाला ५० मैल. वाटेत घोडी बदलायची ठाणी आणि मुक्कामाची ठिकाणं होती. विक्रम तिबेरिउसचा: इ.स.पू. ९ मध्ये भाऊ द्रुसुस जर्मनीत मरणाच्या दारात असल्याचं कळताच तो एका दिवसरात्रीत २०० मैल गेला. सामान्य माणूस पायी वीस मैल गेला तरी पुष्कळ.

ही डाक सगळ्यांसाठी नव्हती. सम्राटाच्या नावाचा परवाना लागायचा, आणि सरकारी गाडी घरच्या कामाला वापरण्याचा प्रश्न तेव्हाही होताच. त्या थोरल्या प्लिनीचा भाचा, धाकटा प्लिनी, बिथिनिया (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्रांताचा कारभारी असताना त्याच्या बायकोचे आजोबा वारले. आत्याजवळ लवकर पोचता यावं म्हणून त्याने तिला सरकारी परवाना दिला, आणि मग अस्वस्थ होऊन त्राजानला पत्र लिहून कबुली दिली. त्राजानने उत्तर पाठवलं, ठीक केलंस. दोन्ही पत्रं टिकली आहेत. परवाना देऊन गप्प बसलेल्यांची पत्रं अर्थातच टिकलेली नाहीत.

१०. वाटेत खायची-राहायची सोय काय असे?

सरकारी माणसांना ठाणी, बाकीच्यांना खानावळी, आणि खानावळींची कीर्ती वाईट. दक्षिण इटलीतल्या एसेर्निया इथला एक कोरीव दगड आज लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर खेचराचा लगाम धरलेला प्रवासी खानावळीच्या मालकिणीशी हिशेब करतो आहे. वाइन आणि पाव मिळून एक आस (तांब्याचं नाणं). कोरड्यास दोन आस. कबूल. मुलगी, आठ आस. तेही कबूल. खेचराचा चारा, दोन आस. इथे मात्र प्रवासी कळवळतो: "हे खेचर माझं दिवाळं काढणार!"

विनोदी पाटी आहे, पण दर खोटे असते तर विनोद झालाच नसता.

११. रस्ते सुरक्षित होते का?

बऱ्यापैकी. मात्र 'दरोडेखोरांनी मारला' असं लिहिलेले थडग्यांचे दगड ठिकठिकाणी मिळतात. सेप्तिमिउस सेव्हेरुस सम्राटाच्या काळात बुल्ला फेलिक्स नावाच्या दरोडेखोराने ६०० माणसं जमवून खुद्द इटलीत दोन वर्षं धुमाकूळ घातला. रोमहून कोण निघालं आणि ब्रुंदिसिउमला कोण उतरलं याची त्याला बित्तंबातमी असे. चांगला रस्ता प्रवाशाच्याही उपयोगाचा आणि दरोडेखोराच्याही.

१२. टोल होता का?

आजच्यासारखा दर काही किलोमीटरवर नाका नव्हता. जकात होती: प्रांताच्या हद्दीवर, बंदरात, कुठे पुलाशी. गॉलच्या हद्दीवर मालाच्या किमतीच्या अडीच टक्के. पूर्वेकडून, म्हणजे भारत-अरबस्तानाकडून येणाऱ्या मालावर मात्र तब्बल २५ टक्के.

वाटेचा खरा टोल पाहायचा तर इजिप्तमधल्या कोप्तोस गावी. इ.स. ९० चा तिथला दरफलक दगडावर कोरलेला सापडला आहे. लाल समुद्राकडे जाणाऱ्या वाळवंटी वाटेचे ते दर. खलाशी ५ द्राख्मा (ग्रीक नाणं), कारागीर ८, गाढवाला २ ओबोल (६ ओबोलांचा एक द्राख्मा), जहाजाची डोलकाठी न्यायची तर २० द्राख्मा. गणिकेला १०८. आणि प्रेतयात्रा, जाऊन-येऊन, १ द्राख्मा ४ ओबोल. हा फलक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा डोलकाठीपाशी थांबलो होतो. जहाज बांधायचं लाकूड वाळवंटातून उंटांवर लादून समुद्रावर न्यायचे, हे त्या एका ओळीत आहे.

१३. भारतातला माल रोमला कोणत्या रस्त्याने पोचायचा?

बहुतेक सगळा प्रवास पाण्यावरून. पश्चिम किनाऱ्यावरून जहाज निघे ते लाल समुद्रावरच्या बेरेनिके किंवा म्योस होर्मोस बंदरात लागे. तिथून उंटांचा तांडा नाईलकाठच्या कोप्तोसपर्यंत, कोप्तोसहून नावेने अलेक्झांड्रिया, आणि मग भूमध्य समुद्र. जमिनीवरचा मोठा टप्पा एकच. थोरला प्लिनी बेरेनिके ते कोप्तोस हे अंतर २५७ मैल आणि १२ दिवस सांगतो. उन्हामुळे चालायचं रात्री, दिवसा पाणवठ्यावर पडून राहायचं. म्योस होर्मोसची वाट सहा-सात दिवसांची.

या वाटेवर फरशी नाही, खडी नाही. मोठे दगड वेचून कडेला सारलेले, खुणेला दगडांच्या राशी, आणि एकेका टप्प्यावर तट घातलेली विहीर, तिच्या राखणीला मूठभर शिपाई. त्या शिपायांनी खापरांवर लिहिलेल्या चिठ्ठ्या आज शेकड्यांनी सापडतात.

आता प्रश्न ५ मधला आकडा काढा. दुसऱ्या शतकातला एक पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचा दस्तऐवज) व्हिएन्नात आहे. मुझिरिसहून (केरळ) आलेल्या 'हेर्मापोल्लोन' जहाजाच्या मालाचा हा कर्जव्यवहार. माल उंटांवर घालून कोप्तोसला नेईन, तिथे सरकारी वखारीत शिक्का मारून ठेवीन, असं कर्जदार लिहून देतो. मागच्या बाजूला मालाची किंमत आहे: गंगेकाठच्या जटामांसीच्या ६० पेट्या, हस्तिदंत वगैरे सगळं मिळून जवळजवळ ७० लाख सेस्तेर्तिउस, तेही पाव हिस्सा जकात वजा जाता. एका जहाजाच्या मालात विया आप्पियाचे साठेक मैल नव्याने बांधून झाले असते. साम्राज्यातली सर्वांत श्रीमंत वाट कच्ची होती, एवढंच मला या सगळ्या प्रश्नोत्तरांत सांगायचं आहे.

१४. रोमन रस्ता महाराष्ट्रापर्यंत आला होता का?

नाही. दर पावसाळ्यात हा प्रश्न कुणीतरी नाणेघाटातून विचारतं. इथल्या वाटा इथल्याच होत्या. इ.स.च्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लुस' या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात त्या येतात. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून जाडंभरडं आणि तलम कापड, गाड्यांवर लादून भडोचला येतं, आणि येतं ते रस्ता नसलेल्या अफाट मुलखातून, असं तो म्हणतो. रस्त्यांची सवय असलेल्या माणसाला आश्चर्य कशाचं वाटलं पाहा.

मग कल्याण जवळ असताना भडोचला का? तेही त्याने लिहिलं आहे. आधी कल्याण रीतसर बंदर होतं. नंतर तिथे येणं अडवलं गेलं, आणि चुकून कल्याणला लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेत. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या भांडणात घाटातून सरळ उतरणारी वाट बंद पडली आणि माल लांबून फिरला. सोपारा आणि चौल यांचीही नावं त्याच्या यादीत आहेत.

१५. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा होता ना? आणि रोमन व्यापारी तो भरत?

जुन्नरहून कोकणात उतरणारी ही मोठी व्यापारी वाट होती, यात शंका नाही. रांजणात जकातीची नाणी पडत ही मात्र परंपरेने चालत आलेली समजूत. लेण्यातला प्रसिद्ध सातवाहन लेख यज्ञांची आणि दक्षिणेची यादी देतो, त्यात जकातीचं नाव नाही. रोमन व्यापारी तर लेखात कुठेच नाहीत.

१६. पण कोल्हापुरात रोमन मूर्ती सापडली. म्हणजे रोमन लोक इथे राहत होते?

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५ च्या सुमारास सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती खरीखुरी भूमध्य समुद्राकडची आहे. पण वस्तू हातोहात फिरते, तिच्याबरोबर मालक यावाच लागतो असं नाही. पॉम्पेईत १९३८ मध्ये हस्तिदंताची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जुळणारं काम भोकरदन आणि तेरला सापडलं आहे, म्हणून पॉम्पेईत मराठवाड्याचे लोक राहत होते असं कुणी म्हणत नाही. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर 'यवन' (मूळ अर्थ ग्रीक) दात्यांची नावं आहेत, पण ती धम्म, सिंहधैर्य अशी इथलीच नावं. यवन म्हणजे रोमचाच, असं त्यावरून ठरत नाही.

१७. रेल्वेची रुंदी रोमन रथाच्या दोन घोड्यांवरून ठरली, हे खरं का?

नाही. व्हॉट्सॲपवर येतं, परत पाठवू नका. रोमन चाकोऱ्यांची रुंदी जागोजागी वेगळी मिळते, आणि रेल्वेचं ते माप इंग्लंडमधल्या कोळशाच्या खाणींच्या गाड्यांवरून आलं. रस्त्यांवर रथ धावत नसत, गाड्या आणि खेचरं चालत.

१८. यातला एखादा रस्ता अजून वापरात आहे का?

पुष्कळ. इटलीतल्या रिमिनीपासून पिआचेन्झापर्यंतचा आजचा महामार्ग बराचसा इ.स.पू. १८७ च्या विया एमिलियावरच आहे. विया फ्लामिनियावर फुर्लोच्या खिंडीत व्हेस्पासियान सम्राटाने इ.स. ७६ च्या सुमारास खडकातून खोदलेला ३८ मीटरचा बोगदा आहे, त्यातून मोटारी जातात. विया आप्पियाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो जुलै २०२४ मध्ये, आणि ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

बेरेनिकेच्या वाटेला असला मान नाही. बेरेनिकेतल्या एका देवळात भारतीय रांजण पुरलेला सापडला. त्यात साडेसात किलो काळी मिरी होती.